बोरॉनच्या शेजारी गंधक

"अरं हळू! हळू घे, तुझ्या आयला! डिस्क फिरतीया आत, डिस्क!"

"दाजी, आयला काय काढताय? ती तुमची सासू हाय!"

"सासू असू दे न्हाईतर सरपंचीण, पुढचा खड्डा चुकव आधी!"

आठवतं का दाजी? न्हावऱ्याच्या अलीकडं, भर दुपारी, माझ्या जीपमध्ये आपण दोघं एकमेकांवर असे खेकसत निघालो होतो. मागच्या सीटवर माझ्या बहिणीच्या, आक्काच्या लग्नातली गादी, गादीवर कॉम्प्युटरचा डबा, डब्याच्या दोन्ही अंगांना उशा, आणि उशांना मिठी मारून बसलेले शिरूरच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे तुम्ही. सीटखाली ट्रॅक्टरची बॅटरी, तिला जोडलेला माझ्या दुकानातला इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरवर ते मशीन चालू. होय, चालू! धावत्या जीपमध्ये ते हिऱ्याचं गणित सोडवत होतं. जगातला पहिला चालता-फिरता महासंगणक न्हावरा रोडनं गेला आणि त्याची दखल ना अमेरिकेनं घेतली ना जपाननं. घेतली ती फक्त एका म्हशीनं. ती बाजूला झाली.

त्या रस्त्याला तेव्हा एक खड्डा असा होता, की त्यात पावसाळ्यात उतरलेली एसटी उन्हाळ्यात वर आली, आणि तोवर आतल्या दोन प्रवाशांची सोयरीक जुळून गेली होती. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही उशी न सोडता विचारलंत, "ह्यातलं खरं काय?" मी म्हटलं, "एसटी." "आणखी?" "खड्डा." तुम्ही मान हलवलीत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. दाजी, माझी थाप शेवटपर्यंत ऐकून घेऊन मग शांतपणे तिची वजाबाकी करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. आता मी थाप मारू कुणापुढं? लोक एक तर विश्वास ठेवतात, नाही तर उठून जातात.

हे वाचणाऱ्याला वाटेल, की हिरा म्हणजे सोनाराचं काम, त्याला जीप आणि बॅटरी कशाला? तर त्याच्यासाठी सांगतो. दाजी, तुम्ही कान झाकून घ्या. माझं चुकलं तर तुम्ही उठून बसाल. आणि बसलात तर बरंच होईल.

हिरा म्हणजे नुसता कार्बन. प्रत्येक अणूला चार हात, चारी हात चार शेजाऱ्यांच्या हातात. कुणी कुणाला सोडत नाही, म्हणून वीज त्यातून जात नाही. तुम्ही म्हणायचात, "शुद्ध हिरा म्हणजे अगदी सोवळा माणूस. दिसायला छान, उपयोग शून्य." त्याच्या पोटात परका अणू शिरला तरच तो काही कामाचा होतो. बोरॉन शिरला तर हिरा निळा होतो आणि एका तऱ्हेनं वीज वाहतो. पण यंत्रं करायची तर दुसऱ्या तऱ्हेचाही हिरा लागतो, ज्यात एखादा इलेक्ट्रॉन सैल, सुटा हवा. तो देणारा पाहुणा जगात कुणालाच धड सापडत नव्हता. नायट्रोजनकडं एक इलेक्ट्रॉन जादा असतो, पण तो त्याला विहिरीच्या तळाशी दडवून ठेवतो. काठाशी बसवला असता तर साध्या उन्हाच्या उबेनं तो बाहेर आला असता.

तुमचं म्हणणं असं, की बोरॉनच्या शेजारी गंधक बसवायचं. गंधकाकडं दोन जादा, बोरॉनला एक कमी. गंधकानं एक शेजाऱ्याला दिला की एक उरतो, आणि तो, तुमच्या हिशेबानं, अगदी काठाशी पाय सोडून बसतो. पहिल्यांदा हे तुम्ही मला आक्काच्या ओट्यावर शेंगा फोडत सांगितलंत. दोन टरफलं शेजारी शेजारी ठेवलीत, एक दाणा काठावर ठेवलात, आणि त्याच्याकडं असं बघत राहिलात, की आक्का म्हणाली, "आवो, खावा तरी तो."

खरा हिरा तुम्ही आयुष्यात हातात धरला नव्हता. आक्काच्या नाकातला खडासुद्धा अमेरिकन. तुमचा सगळा हिरा कॉम्प्युटरच्या पोटात. पण तिथंही अख्खा मावत नाही. म्हणून एक छोटा खोका घ्यायचा, त्यात चौसष्ट अणू मांडायचे, त्यांतले दोन काढून बोरॉन आणि गंधक बसवायचं, आणि तोच खोका वर-खाली, डावी-उजवीकडं, पुढं-मागं पुन्हा पुन्हा असाच आहे असं मानायचं. सलूनमध्ये समोरासमोर आरसे असले की एकाच माणसाची दाढी हजार ठिकाणी चाललेली दिसते, तसं. मग एकेक अणू केसभर हलवायचा आणि बघायचं, सगळ्यांना कुठं बरं वाटतंय. तुमच्या चौसष्टांच्या खोक्यात इलेक्ट्रॉन काठाशी आला. त्या दिवशी तुम्ही शिरूरहून दौंडला माझ्या दुकानात आलात आणि गिऱ्हाइकांसमोर पेढ्याचा पुडा ठेवलात. लोकांना वाटलं, मुलगा झाला. आक्काला मूलबाळ नाही हे ज्यांना ठाऊक होतं, ते आपले पेढे खात राहिले.

लेख बाहेरच्या नियतकालिकाला गेला आणि परत आला. तपासणाऱ्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. खोका लहान आहे. तुमची जोडी शेजारच्या खोक्यातल्या स्वतःच्याच प्रतीला जाऊन भिडते आहे, आणि म्हणून इलेक्ट्रॉन सुटल्यासारखा दिसतोय. मोठ्या खोक्यात करून दाखवा.

मी म्हटलं, "म्हंजी सोसायटीच्या निवडणुकीसारखं झालं की! उमेदवार तोच, सूचक तोच, मतदारबी तोच."

तुम्ही हसला नाहीत. "व्हय," म्हणालात. "आन् निकाल बिनविरोध."

बास. तेव्हापासून तुमचा एकच ध्यास. दोनशे सोळा अणूंचा खोका. त्यात टिकलं तर लेख छापून येणार, वर तुमचं नाव आणि नावाखाली पत्ता, शिरूर, जिल्हा पुणे. "हितं बसून कुणी हिऱ्यातला एक अणू बघितला, एवढं छापून आलं पायजे," म्हणायचात. त्यापलीकडं काही मागितलं नाहीत. आम्ही बाकीचे किती मागतो! मी तर देवाकडं दर गुरुवारी जादा भारनियमन मागायचो, कारण माझं दुकान इन्व्हर्टरचं. अख्खा महाराष्ट्र अंधारात बसला आणि मी बंगला बांधला. अर्धा.

पण तुमचं हिऱ्याचं गणित आणि शिरूरची वीज यांचं सात जन्मांचं वैर. सलग चालल्याशिवाय ते मशीन कुठं पोचायचं नाही, आणि वीज तर वाढपी पंगतीत फिरतो तशी यायची. आपल्यापाशी आली की भांडं रिकामं. माझ्या इन्व्हर्टरनं काही तास निघत, दिवस निघत नसे. माझ्या दुकानाच्या लाईनवर रेल्वेचं काहीतरी होतं म्हणे, म्हणून तिथं वीज कमी जायची. मग ठरलं. शिरूरची वीज गेली की मशीन दौंडला. दौंडची गेली की शिरूरला. बंद करून नेलं तर चालू फेरीतलं सगळं पुसलं जातं, म्हणून चालूच न्यायचं. एकदा पाटसच्या अलीकडं मेंढरांच्या वाड्यानं, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या कळपानं, रस्ता अडवला. म्हातारा मेंढपाळ जीपजवळ आला, आत वाकून बघितलं.

"काय न्हेताय पाव्हणं, बाळंतीण?"

"न्हाई आबा, हिरा हाय," मी म्हटलं. "जित्ता हाय, म्हणून गादीवर घेतलाय. आवाज ऐका की."

म्हाताऱ्यानं डब्याला कान लावला, पंख्याची घरघर ऐकली. "दमा हाय ह्याला," म्हणाला, आणि जीवाभावानं म्हणाला. मग तुमच्याकडं बघून, "कुठून कुठं?"

"शिरूरची लाईट गेली, म्हणून दौंडला," तुम्ही सांगितलंत.

"आन् दौंडची गेली की?"

"पुन्हा शिरूरला."

म्हातारा जो हसायला लागला तो थांबेचना. मेंढरं घाबरून बाजूला झाली, रस्ता मोकळा झाला. पुढं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आपल्या आज्ज्यांनी गवतामागं वाडा हिंडवला. मला वाटलं होतं, शिकलो म्हणजे एका जागी बसायला मिळंल." तुमच्या तोंडून कधी न येणारी तक्रार ऐकून मी लगेच एक थाप काढली, माझ्या आजोबांनी कोकणातल्या वाघाला वाघुरीत, मेंढरांच्या जाळीत कोंडून रात्रभर कशी मेंढरं मोजायला लावली होती, त्याची. तुम्ही वजाबाकी केलीत. बाकी शून्य आली. त्या दिवशी आपण दोघंही हसलो, दाजी. गाडी चालवताना मी अजूनही तिथं हसतो. मग पुढं पाटस येईपर्यंत काही नीट दिसत नाही.

आपलं एक भांडण मात्र तसंच राहिलं. तुमच्या पुण्याच्या सरांकडं, ज्यांच्या हाताखाली तुम्ही पीएच.डी. केलीत, त्यांच्या संस्थेत मोठं मशीन आलं होतं. खोलीभर मशीन, थंड हवेत ठेवलेलं, वीज कधी न जाणारं. मी म्हणायचो, सरांना द्या, दोन दिवसांत निकाल लागंल. तुम्ही म्हणायचात, नको. शेवटच्या वेळी दुकानातच जुंपली.

"त्यांच्या मशीनवर चाललं, तर ते त्यांचं," तुम्ही म्हणालात.

"आन् हितं कधीच चाललं न्हाई, तर ते कुणाचं?"

"चालतंय की. पडद्यावरचा आकडा उतरतोय."

"असा उतरतोय जसा आपल्या भीमेला उन्हाळ्यात पूर! दाजी, माझं ऐका. तुम्हाला अणूपेक्षा मान मोठा झालाय."

तुम्ही उठलात. चहा भरलेला होता, तसाच ठेवलात. पायऱ्या उतरताना वळून म्हणालात, "तू एक कर, मेव्हण्या. प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा बघत जा. तो म्हणजे गणितात उरलेली चूक, तो लहान होत गेला पायजे. वर गेला की मला फोन कर." मला त्या सगळ्या विद्येतलं तेवढंच दिलंत. पण ते मात्र दिलंत हं, आणि मला, ज्याला दहावीत गणितानं तीनदा परत पाठवलं. गावात मी सांगत फिरायचो, की आमचं अणुसंशोधन चालू आहे, मी उपप्रमुख. ही माझी एकमेव थाप, जिची तुम्ही वजाबाकी केली नाहीत. कॉलेजातल्या कुणी विचारलं, तर "व्हय, तोच बघतो," म्हणालात. त्याबद्दल तुमचे पाय धरायचे राहिले. धरले असते तर तुम्ही ओरडला असता, म्हणून राहिले.

तुम्ही कसे गेलात ते मी लिहीत नाही. वर्तमानपत्रात आलंय, त्यात तुमचं वयही चुकलंय. मशीन तेव्हा माझ्या दुकानात चालू होतं, एवढंच लिहितो. माती देऊन परत आलो, शटर उघडलं, तर ते आपलं चाललेलं. ओळ येते, ओळ येते. शेवटचा आकडा थोडा थोडा लहान. जगातली एकच वस्तू होती, जिला अजून कळवलेलं नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो. गिऱ्हाईक आलं, "बॅटरीत पाणी कवा घालायचं?" म्हणालं. मी म्हटलं, "आकडा उतरतोय." ते गेलं.

आणि दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा वर गेला. पहिल्यांदा वाटलं, डोळे तांबडे झालेत म्हणून चुकीचं वाचतोय. पुढची ओळ आली, तो आणखी वर. मी रिसीव्हर उचलला आणि तुमचा नंबर फिरवला. पलीकडं उचलला गेल्यावर मी ओरडलो, "दाजी, वर गेला!"

आक्का होती. म्हणाली, "वर गेला की ते काय करायला सांगायचे?"

"फोन कर म्हणायचे. पुढचं त्यांनाच म्हाईत."

"मग पुढचं म्हाईत असणाऱ्याकडं ने."

म्हणून, दाजी, तुम्ही नको म्हणालात ते मी केलं. सगळ्या फायली एका सीडीवर घेतल्या आणि सरांना नेऊन दिल्या. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. रागवायचं असेल तर या रागवायला; दार उघडं आहे, लाईटही आहे.

सर भले माणूस. तुमचं नाव काढल्यावर चष्मा पुसत राहिले. त्यांनी दोनशे सोळांचा खोका लावला. मग स्वतःहून त्याहून मोठाही लावला, म्हणाले, करायचं तर नीट करू. गेल्या आठवड्यात बोलावणं आलं. आक्का म्हणाली, मीबी येते. तुम्ही गेल्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. जीपमध्ये मागं बसली, गादी होती त्या जागी. मी रस्ताभर बोललो. कोरेगाव भीमापर्यंत तर तुम्हाला मोठा पुरस्कार देऊनही झाला होता, स्वीडनचा राजा शिरूरच्या बाजारतळावर फेटा बांधून उतरला होता, आणि हेलिकॉप्टरला जागा करायला मुळ्याच्या जुड्या उचलायला लावल्या होत्या. आक्का खिडकीबाहेर बघत होती. "ह्यातलं खरं काय?" तिनं विचारलं नाही. मी वाट बघितली.

सरांची खोली वरच्या मजल्यावर. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. आडव्या रेघा, एक रेघ लाल. चौसष्टांच्या खोक्यात ती अगदी वर, काठाला लागलेली, तुम्ही मांडली होती तिथंच. सर म्हणाले, "हे त्यांचं. हे मला तसंच मिळालं. गणितात कुठंही चूक नाही." तेवढ्यावर मी खुर्चीतून उठायलाच लागलो होतो. मग त्यांनी मोठा खोका लावला. रेघ खाली आली. त्याहून मोठा लावला. आणखी खाली. एकटा पडल्यावर, आजूबाजूला स्वतःचीच प्रत नसल्यावर, गंधकाचा तो इलेक्ट्रॉन तळाशी जाऊन बसला होता, दाजी. उन्हानं नाही, आगीनंही वर येणार नाही इतका खाली.

मी विचारलं, "सर, आणखी मोठा केला तर?"

"आणखी खाली जाईल. फार नाही. पण वर येणार नाही."

"मग गंधकाऐवजी दुसरं काही?"

"ते दुसरं काम होईल."

किती वर्षं, दाजी! तुमचे रविवार, तुमच्या सुट्ट्या, आक्कानं न केलेली अष्टविनायक यात्रा, तुम्ही न घेतलेली पुण्यातली नोकरी, गादीवर घालून पळवलेलं ते लेकरू. सरांच्या मशीनला चहा येईपर्यंतसुद्धा लागलं नसेल. आणि उत्तर तेच, जे त्या दोन ओळींत आधीच लिहून आलं होतं. तुम्ही हे बघितलं नाहीत म्हणून देवाचे आभार मानावेत, असं परवा कुणीतरी मला म्हणालं. मी त्याला दुकानातून घालवला. तुम्ही बघितलं असतंत. तुम्ही ती लाल रेघ बोटानं पुसून बघितली असतीत, चूक कुठं आहे ते कागदावर मांडलं असतंत, आणि "व्हय, खोल हाय," म्हणाला असतात. मला ते ऐकायचं होतं. तुमच्या तोंडून "न्हाई" ऐकलं असतं तर मी सोसलं असतं; दुसऱ्याच्या तोंडून मला ते सोसत नाही.

आक्का एवढा वेळ पदर सावरून बसली होती. चित्रातलं तिला काय कळलं, मला माहीत नाही. तिनं सरांकडं बघितलं, आणि शिरूरच्या बँकेत एखादं काम विचारावं तशा आवाजात विचारलं, "सर, मग आता ह्यांचं नाव कुठं छापून येईल?"

सरांनी मान वर केली. वाईट बोलायचं म्हणून नाही, खरोखरच समजलं नाही म्हणून त्यांनी विचारलं,

"कशावर?"